गोजाबाईची पेटी

१

पेटी उघडली तेव्हा तिच्यात गोजाबाई नव्हती.

पुण्याच्या डॉक्टरी कॉलेजातल्या नोकरानं पहारीनं झाकण उचकटलं, तर आत काथ्याच्या थरांत बसवलेल्या विटा निघाल्या. पेटीवर खडूनं गोजाबाईचं नाव होतं आणि खाली दिघीच्या दुर्बलाश्रमाचं. कॉलेजनं आश्रमाला विचारलं, आश्रमानं पोलिसांना कळवलं, आणि पोलिसांनी पेटी वाहून नेणाऱ्या युसुफ गाडीवानाला भोसरीच्या चौकीत आणून डांबलं. ज्यांचं कुणीच नाही अशांची प्रेतं विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी द्यावीत असा कायदा काही वर्षांपूर्वी झाला होता. युसुफनं ते प्रेत वाटेत कुणाला तरी विकलं, असा फौजदारांचा तर्क होता.

एवढं सगळं झाल्यावर आश्रमाच्या कमिटीला कुसुमताई आगाशे यांची आठवण झाली.

कुसुमताई सरकारी प्रोबेशन ऑफिसर होत्या. निराधारांच्या संस्था तपासणं हे त्यांचं काम. वय चाळिशीचं, अंगावर फिकट पातळ, कपाळ मोकळं. नवरा जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. त्या फारसं बोलत नसत, पण समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेत, आणि या एका सवयीमुळं पुष्कळजण त्यांना वचकून असत.

पंचावन्न सालचा मे महिना होता. एस.टी.तून उतरून त्या आधी चौकीत गेल्या. युसुफ भिंतीला टेकून बसला होता. त्याचा एक गाल सुजला होता.

"किती वर्षं नेताय या पेट्या?" कुसुमताईंनी विचारलं.

"आश्रम सुरू झाला तवापासून, बाईसाहेब. दुसरं कुणी न्यायला तयार नव्हतं. मी म्हटलं, मुर्दा तो मुर्दा. कुणीतरी न्यायलाच हवा."

"वाटेत कुठं थांबलात?"

"दापोडीला बैलांना पाणी पाजलं. उतरलोपण नाही नीट." त्यानं सुजलेला गाल चाचपला. "एक गोष्ट फौजदारसाहेबांना सांगितली, त्यांनी कानफटात मारली. तुम्हाला सांगू?"

"सांगा."

"पेटीत माणूस असला ना, की वळणावर सरकतो. थोडासाच, पण मागं कळतं. जिवाला बरं वाटत नाही, म्हणून मी वळणावर गाडी हळू घेतो. त्या दिवशी पेटी हललीच नाही. मला वाटलं, म्हातारी फार हलकी होती, म्हणून असेल. पण हलकं असतं ते जास्त सरकतं, नाही का?"

कुसुमताई उठल्या. युसुफ खरं बोलत असेल तर गोजाबाई त्याच्या गाडीत चढलीच नव्हती. जे काही घडलं होतं ते आश्रमाच्या भिंतींच्या आत.

२

दिघीच्या माळावर लांबून दिसायचं ते नुसतं काळं कुंपण. आजोबा-पणजोबांच्या वेळच्या मोठ्या दुष्काळात इथं गरीबखाना बांधला होता. भुकेनं आलेल्या माणसांकडून दगड फोडून घ्यायचे, त्याच दगडांच्या भिंती उभ्या करायच्या आणि त्याच भिंतींआड त्यांना पेजेवर ठेवायचं, असा तो कारभार. पुढं लढाईच्या काळात लष्करानं तिथं सामान भरलं. फाळणीनंतर काही महिने निर्वासित राहिले. बावन्नच्या दुष्काळानंतर पुन्हा भुकेली माणसं आली. आता फाटकावर 'दुर्बलाश्रम' अशी पाटी होती, पण भोसरीच्या बाजारात अजून गरीबखानाच म्हणत. बायकांची बराक एकीकडं, पुरुषांची दुसरीकडं, मध्ये तारेचं कुंपण. ज्याला हात चालवता येतो त्यानं दिवसभर काथ्या कुटायचा.

अधीक्षक सोपानराव कडूसकर फाटकापर्यंत सामोरे आले. उन्हानं नव्हे, काळजीनं त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, मला एकच कळतं," ते चालता चालता म्हणाले. "मेलेल्या म्हातारीला कोण चोरणार? तिच्या अंगावरची एखादी खूण ज्याला लपवायची असेल तोच. कॉलेजात प्रेत फाडतात. त्यात सगळं दिसतं."

"म्हणजे तिला कुणी मारलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. छातीचं दुखणं होतं तिला. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. पण लोक काय म्हणतील?"

सुतारकामाची छपरी कुंपणाच्या टोकाला होती. गोजाबाई संध्याकाळी गेली. तिला पेटीत ठेवून झाकण ठोकलं, आणि पेटी रात्रभर या छपरीत राहिली. उजाडल्यावर युसुफ आला, पेटी घेऊन गेला. छपरीला कुलूप नव्हतं, फक्त कडी होती.

"पेटी ठोकली कुणी?"

"चिमाजीनं. इथलाच आहे. जुना सुतार. बाकी सगळे काथ्या कुटतात, हा एवढा पेट्या करतो."

कुसुमताईंनी छपरीत नजर फिरवली. कोपऱ्यात विटांचा ढीग होता, शेजारी काथ्याचे भारे. पेटी भरायला बाहेरून काही आणावं लागलं नव्हतं. आणि ज्यानं ती भरली त्याला घाई नव्हती. विटांचा आवाज होऊ नये म्हणून त्यानं मध्ये काथ्या घातला होता.

त्या खाली बसल्या. जिथं पेटी ठेवली होती तिथला भुसा त्यांनी हातानं बाजूला सारला. बोटाला काहीतरी टोचलं. काचेचा लहानसा वाकडा तुकडा होता, हिरवा.

"फुटकी बाटली असेल," सोपानराव म्हणाले.

"बाटली नाही. बांगडी आहे." कुसुमताईंनी तुकडा रुमालात ठेवला. "सोपानराव, तुमच्या बराकीत बांगड्या कोण घालतं?"

सोपानरावांनी बराकीकडं पाहिलं. आश्रमात घेतलेल्या सगळ्या बायका विधवा होत्या. नवरा असलेल्या बाईला आत घ्यायचंच नाही असा नियम होता. त्यांच्या कुणाच्याच हातात काच नव्हती.

"एक शालनबाई," ते अखेर हळूच म्हणाले. "बराकीची रखवालदार. तिचा नवरा देहूरोडला डेपोत आहे."

३

शालनबाई जाड, तोंडाळ बाई होती. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. कुसुमताईंनी तिला सरळच विचारलं, त्या रात्री छपरीत गेला होतात का.

"मी कशाला मरायला जाऊ तिथं? दिवे लागले की बराकीला कुलूप घालून मी माझ्या खोलीत. चोरी माझीच झालीय बाई, आणि मलाच विचारताय?"

"तुमची काय चोरी झाली?"

"माझी म्हंजे कोठीतली. किल्ली माझ्याकडं, जाब मीच द्यायचा. पुण्याच्या बायकांनी जुन्या कपड्यांचं गाठोडं पाठवलं होतं. त्यातलं एक हिरवं लुगडं गेलं. बाकी धडकी लुगडी होती, त्यांना हात लावला नाही. हेच विरलेलं, पण हिरवं होतं."

"कधी गेलं?"

"गोजाबाई मेली त्याच दिवशी. मी तिच्या अंगावर टाकायला चादर काढली, तेव्हा दार उघडं राहिलं असेल थोडा वेळ. आणि तो दिवसच तसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नाही. विहीर आटली म्हणून नदीवरून दोन पिंपं येतात, ती उशिरा आली आणि आलं एकच. बायका पारोशा राहिल्या. आणि शिव्या मला."

कुसुमताईंनी तिचा हात हातात घेतला. बांगड्या जाड, कंगोऱ्यांच्या होत्या. रुमालातला तुकडा बारीक आणि साधा, जुन्या घडणीचा. शालनबाईचा नव्हता.

गोजाबाईची जागा बराकीच्या शेवटच्या खिडकीखाली होती. शेजारच्या जागेवर मंजुळाबाई बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, हात काथ्यात चालूच.

"गोजाबाईंचा कुणावर राग होता का?" कुसुमताई तिच्याजवळ खाली बसल्या.

"कुनावर करंल? सायबानं दूद बंद केलं तरी बोलली न्हाई. म्हनला, मरनाऱ्याला दूद घालून काय उपेग. लई दिस नुसत्या पेजंवर होती."

कुसुमताईंच्या मनात सोपानरावांचा उतरलेला चेहरा आला. खूण लपवायची असेल तोच, असं ते म्हणाले होते. उपासानं झिजलेलं शरीर डॉक्टरांपुढं जाऊ नये असं त्यांनाच वाटलं असेल का? पण मग पोलिसांत वर्दी त्यांनी स्वतःच कशाला दिली असती?

"कुणाशी बोलायची ती?"

"समद्यांशी. खिडकीत बसून हाका मारायची. सुताराला मारायची, शालनबाईला मारायची, फाटकावरल्या शिपायाला मारायची. समद्यांची नावं पाठ." मंजुळाबाईचे हात थांबले. "पानी आनतो त्याचं नाव मातर कदी घेतलं न्हाई तिनं. सकाळी नुसतं इचारायची, पानी आलं का बघ. मला काय दिसतंय? तीच बघायची. मंग दिसभर निवांत पडायची."

तिनं पुन्हा काथ्या हातात घेतला. बोलून गेले ते बरं केलं की वाईट, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

कुसुमताई पुष्कळ वेळ त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. गजांतून पाण्याचा हौद दिसत होता. दुसरं काहीच दिसत नव्हतं.

४

चिमाजी छपरीत रंधा मारत होता. उंच, हाडकुळा म्हातारा. सोपानराव कुसुमताईंच्या मागं येऊन दारात उभे राहिले.

"बाबा, पेटीत विटा तुम्ही भरल्यात," कुसुमताई म्हणाल्या.

रंधा थांबला. म्हाताऱ्यानं सोपानरावांकडं पाहिलं, मग खाली.

"व्हय. म्याच भरल्या. म्हातारी माळावर पुरली. युसुफला सोडा. त्याला काय ठावं न्हाई."

"कुठं पुरलीत? दाखवा."

"आता ध्यानात न्हाई."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

सोपानरावांनी सुस्कारा टाकला. त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं. कुसुमताईंनी मात्र रुमाल सोडला आणि हिरवा तुकडा रंध्याजवळ फळीवर ठेवला.

"ही बांगडी गोजाबाईंच्या हातात भरताना फुटली. मेलेल्या माणसाचा हात ताठतो, बांगडी चढत नाही. कोठीतलं हिरवं लुगडंही तिच्यासाठीच गेलं. प्रेत विकणारा त्याला लुगडं नेसवत बसत नाही. खून लपवणाराही नाही. सोपानराव, हिरवं लुगडं नेसवून, हातात हिरव्या बांगड्या भरून कुणाला नेतात?"

हे सांगायला लागू नये इतकं ते सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याच्या आधी जी जाते, तिला.

"ती इथं विधवा म्हणून आली होती," कुसुमताई पुढं म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित खाली गेला. "माझ्यासारखी. माझ्या अंगावर उद्या कुणी हिरवं घालणार नाही. तिच्या घातलं. म्हणजे घालणाऱ्याला ठाऊक होतं की तिचा नवरा जिवंत आहे. आणि ज्या गोष्टीसाठी एवढा जीव धोक्यात घातला, ती नवऱ्याशिवाय दुसरा कोण करणार?"

"मंग त्यो मीच," चिमाजी म्हणाला.

"तुम्ही नाही. तुमच्या नावानं ती खिडकीतून हाका मारायची. तिच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. या आवारात एकाच माणसाचं नाव तिनं कधी घेतलं नाही. आणि फाटकावरच्या शिपायानं मला सांगितलं, त्या सकाळी तोच माणूस युसुफच्या आधी बाहेर गेला होता. दोन पिंपांची जागा असलेला गाडा घेऊन. आणि परत आणलं एकच पिंप."

चिमाजीनं रंधा बाजूला ठेवला.

बाहेर आसाचा कुरकुर आवाज आला. पाण्याचा गाडा फाटकातून आत येत होता.

५

मालोजी एका पायानं लंगडा होता. गाड्यावरून उतरताना तो आधी बैलाच्या पाठीवर हात टेकायचा, मग खाली पाय. छपरीच्या दारात तिघं उभी दिसताच तो तिथंच थांबला. कुणी काही बोलायच्या आधी त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं.

"युसुफला मारलं म्हनं," तो म्हणाला. "मी येनारच हुतो सांगायला. रोज म्हनत हुतो, आज जातो. पाय उचलत नव्हता."

कुसुमताईंनी त्याला सावलीत बसवलं. सोपानराव उभेच राहिले.

नगरकडच्या कोरड्या गावातून ती दोघं दुष्काळात निघाली होती. पोटी मूलबाळ नव्हतं, बैल चाऱ्यावाचून मेले होते. खडीच्या कामावर गोजाबाईची छाती भरली. कुणीतरी सांगितलं, दिघीला आसरा आहे. इथं येऊन फाटकाबाहेरच्या रांगेत बसली, तेव्हा पुढच्या जोडप्याला कारकुनानं परत फिरवताना ऐकलं. नवरा-बायको मिळून आलेल्यांना हाकलत होते. नवरा असलेली बाई निराधार नव्हे, आणि बायको असलेला बाप्याही नव्हे.

"ती रांगंतनं उठली. माज्याकडं बघितलं बी न्हाई," मालोजी म्हणाला. "पदराला थुका लावला आन् कुक्कू पुसलं. माज्या म्होरं. बांगड्या उतरवून चिंधीत बांधल्या, फोडल्या न्हाईत, चिंधी माज्याकडं सरकवली. मंग आट-धा मान्सं मदी सोडून लांब जाऊन बसली. ती आदी आत गेली. मी मागनं. तिला इचारलं, तुजं कोन हाय? म्हनली, कोन न्हाई. मी बी तेच म्हनलो."

तारेच्या कुंपणाच्या दोन बाजूंना ती तीन वर्षं राहिली. विहीर आटली तेव्हा त्यानं स्वतःहून पाण्याचा गाडा मागून घेतला. हौद तिच्या खिडकीसमोर होता.

"ती गेली त्ये मला सांजच्याला कळलं. हौदापाशी कुनीतरी म्हनलं, पेटी करा. तिला कापत्यात ते ठावं हुतं मला. रडाया बी येईना, समदी बगत हुती. मागायला जावं तर मी तिचा कोन? कोठी उघडी दिसली, हिरवं लुगडं म्याच उचललं. चिमाजीला म्हनलो, मला यवढं करू दे. त्यानं काय बी इचारलं न्हाई."

पहाटे गाड्यावर एका पिंपाच्या जागी गोजाबाई होती, वर ओलं पोतं. खाली चिमाजीनं साठवलेले लाकडाचे तुकडे. फाटकावरच्या शिपायानं रोजच्यासारखं दार उघडलं. मोशीच्या अलीकडं इंद्रायणीच्या वाळूत त्यानं सरण रचलं. लाकूड पुरेना. शेतावर आलेल्या दोन माळकऱ्यांनी विचारलं, कोण? तो म्हणाला, मालकीण माझी. त्यांनी आपल्या खोपटाची लाकडं काढून दिली, आणि त्यांतल्या एकाची बायको घरून करंडा घेऊन आली.

"कुक्कू त्या माउलीनं लावलं," मालोजी म्हणाला. "मंग मी लावलं. माजा हात लागला की तिचं कपाळ भरून आलं. आता मला काय करायचं ते करा."

६

फौजदारांना हे सगळं पटवायला कुसुमताईंना दुपार घालवावी लागली. त्या मोशीला जाऊन माळकऱ्यांना भेटून आल्या होत्या. नवऱ्यानं स्वतःच्या बायकोचं प्रेत नेलं आणि गावच्या चार माणसांदेखत दहन केलं, याला कायद्यात चोरी म्हणत नाहीत, हे त्या शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. अखेर फौजदारांनी कंटाळून युसुफला सोडलं.

युसुफ आपली गाडी जुंपायला आश्रमात आला, तेव्हा मालोजी त्याच्या पाया पडायला वाकला. युसुफनं त्याला धरलं. "राहू द्या, चाचा. त्या दिवशी पेटी हलली नाही म्हणून मी सबंध वाट जीव मुठीत धरून होतो. आता निदान कळलं की म्हातारी सुखरूप पोचली." त्यानं पुन्हा पेटी नेली नाही. कमिटीनं दुसरा गाडीवान ठेवला.

सोपानराव मालोजीला बाहेर काढायला निघाले होते. खोटं सांगून शिरलेल्या माणसाला ठेवता येत नाही, असा नियम होता.

"तो आला तेव्हा त्याला बायको होती, म्हणून तो खोटा," कुसुमताई त्यांना म्हणाल्या. "आज त्याचं कुणी नाही. आज तो तुमच्या नियमात बरोबर बसतो. आणि गोजाबाईंचं दूध का बंद झालं, ते मी कमिटीला लिहिणारच आहे. त्यात आणखी भर घालायची का, तुम्ही ठरवा."

मालोजी राहिला. दूध पुन्हा सुरू झालं. जोडप्यांना एकत्र घ्यावं, असं कुसुमताईंनी अहवालात लिहिलं, तेवढं मात्र कमिटीनं पुढच्या बैठकीवर टाकलं, आणि पुढच्या बैठकीनं त्याच्या पुढच्या.

निघायच्या आधी त्या बायकांच्या बराकीत एकदा जाऊन आल्या. खिडकीखालची जागा एका नव्या बाईला दिली होती. मंजुळाबाई काथ्या कुटत होती. कुसुमताईंची चाहूल लागताच तिनं त्यांचा पदर चाचपून धरला आणि खाली ओढलं.

"कोन हाय का आसपास?"

"कुणी नाही."

"बाई, माजा मालक बी हितंच हाय."

कुसुमताई जागच्या जागी बसल्या. "कोण?"

म्हातारीनं मान वळवली. कुंपणाच्या टोकाला छपरीत कुणीतरी खिळे ठोकत होतं. तो आवाज थांबेपर्यंत ती तशीच तोंड करून राहिली.

"सायबाला सांगू नगा. येकाला तरी भाईर काडतील. ह्या वयात कुटं जायचं? पर कुनाला तरी ठावं असावं. म्हंजे मी आदी गेले तर त्यांना असं चोरून करावं लागू नये." तिनं पदर आणखी घट्ट धरला. "आन् ते आदी गेले तर मला कोन सांगनार? मला दिसत न्हाई."

कुसुमताईंनी तिचा खरखरीत हात दोन्ही हातांत धरला.

"मला ठाऊक आहे आता," त्या म्हणाल्या. "मी येत जाईन."

मंजुळाबाईनं मान हलवली, हात सोडवून घेतला आणि काथ्याची पुढची पेंडी चाचपडत जवळ ओढली.